दाराबाहेरचं स्टूल

आमच्या दाराबाहेर एक लाकडी स्टूल असतं. वडिलांनी कधीकाळी जुन्या बाजारातून आणलेलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली तरच सरळ उभं राहणारं. त्याच्या पॉलिशवर मधोमध एक पांढरट वर्तुळ उमटलं आहे. नव्याने आलेला माणूस विचारतो, "गरम कप ठेवला होता वाटतं?" मी हो म्हणतो. खरं तर तो सॅनिटायझरच्या बाटलीच्या बुडाचा डाग आहे. दीड वर्ष ती बाटली तिथे होती. प्रत्येक वेळी एखादा थेंब ओघळायचा, बुडाशी साचायचा आणि पॉलिश खायचा. आमच्या घरातल्या महासाथीचा लेखी पुरावा म्हणायचा तर एवढाच.

९ मार्च २०२० ला, ऐन होळीच्या दिवशी, राज्यातले पहिले दोन रुग्ण आमच्या पुण्यात सापडले. दुबईहून परतलेले. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला सोसायटीच्या गॅलऱ्यांमधून थाळ्या वाजल्या, आणि त्याच रात्री मी स्टूल घरातून काढून दाराबाहेर मांडलं. वर सॅनिटायझर, किल्ल्यांसाठी स्टीलची वाटी, चिल्लर टाकायला साबणाच्या पाण्याचा पेला. शेजारी भिंतीला चार खिळे ठोकले, मास्क अडकवायला. प्रत्येक खिळ्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी, माझ्या अक्षरात. काम झाल्यावर दोन पावलं मागे सरून मी ते सगळं पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी, आप्पांनी, विचारलं, "स्टूल कुठंय?"

"बाहेर आहे. ते आता लागणार आहे, आप्पा."

"मलाही लागतं," ते म्हणाले आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

पुढचे कित्येक महिने दर एक-दोन दिवसांनी त्यांनी हाच प्रश्न विचारला. तेव्हा त्यांचं वय ८१ होतं. मला वाटलं, विसरतात.

घरात आम्ही चौघं आणि चौघांचे चार पक्ष. मी कडक. बायको बँकेत, रोखीच्या काउंटरवर; बँका अत्यावश्यक सेवेत होत्या, त्यामुळे तिला रोज जावंच लागायचं. ती घरी आली की आंघोळ करेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असा माझा नियम. पहिले पंधरा दिवस तिने तो पाळला. सोळाव्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "दिवसभर शंभर माणसांच्या नोटा मोजते. निदान घरी आल्यावर तरी कुणी पाणी देईल का, की तेही वाटीत ठेवणार आहेस?" लेक एकोणीस वर्षांची. कॉलेज मोबाइलमध्ये आलेलं, मैत्रिणी मोबाइलमध्ये, एक मुलगाही बहुधा मोबाइलमध्येच. तिचं म्हणणं, आम्ही पाचजणी टेकडीवर लांब-लांब बसलो तर कुणाचं काय बिघडतं? आणि आप्पा. त्यांचा पक्ष एका वाक्याचा होता: "कोपऱ्यापर्यंतच जाऊन येतो."

त्या काळात मराठीत एक बदल झाला. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. समोरचा 'या' म्हणतो. २०२० मध्ये हे 'या' बंद झालं. या म्हणायची सोयच उरली नाही. त्याच्या जागी आलं 'काळजी घ्या'. फोन ठेवताना, दूधवाल्याला पैसे देताना, श्रद्धांजलीच्या मेसेजखालीसुद्धा. काळजी घ्यायची असते, करायची असते, वाटायची असते, लागायची असते. ही चारही क्रियापदं एकाच छपराखाली राहायला आली तेव्हा आमच्या घरात भांडणं सुरू झाली. मी घेत होतो, बायको करत होती, माझ्या बहिणीला, ताईला, साताऱ्यात बसून लागून राहिली होती, आणि आप्पांना स्वतःची वाटत नव्हती.

माझ्या कडकपणाचे तपशील आता सांगताना हसू येतं. दुधाच्या पिशव्या मी साबणाने धुवायचो, मग त्या वाळत घालायचो. भाजी सोड्याच्या पाण्यात. मार्चअखेर काही दिवस वर्तमानपत्रं येणंच बंद होतं. पुन्हा सुरू झाल्यावर मी पेपरला इस्त्री करायचो. प्लॅस्टिकवर आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, असा एक प्रयोग तेव्हा सगळीकडे फिरत होता. ते आकडे मला पाढ्यासारखे पाठ होते. आप्पा इस्त्रीचा गरम पेपर हातात घेऊन म्हणायचे, "बातम्या शिळ्याच आहेत, पण गरम आहेत."

आणि खिडक्या. समोरच्या इमारतीत एक जण पॉझिटिव्ह निघाल्यावर मी त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. आप्पा उठून उघडायचे. मी लावायचो, ते उघडायचे. "घर कोंदटतंय," एवढंच त्यांचं शास्त्र. मी त्यांना विषाणूबद्दल व्याख्यान द्यायचो.

पुढे वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या सीडीसीने स्पष्टच सांगितलं की वस्तूंना हात लागून लागण होण्याचा धोका अगदी कमी. खरा धोका बंद जागेतल्या हवेचा. म्हणजे त्या सगळ्या काळात मी पिशव्या धूत होतो आणि खिडक्या लावत होतो. बरोबर उलटं. आप्पा मात्र काहीही न वाचता उघडी खिडकी मागत होते. हे त्यांना सांगितल्यावर ते विजयाने हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मला काय माहीत होतं? मला फक्त गुदमरत होतं."

यातून आप्पा शहाणे आणि मी मूर्ख असा धडा काढायचा मोह होतो. पण तसंही नव्हतं. ते कोपऱ्यापर्यंत जायचे तेव्हा मास्क खिशात असायचा, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याशी चेहऱ्याला चेहरा लावून बोलायचे, कारण कानाने कमी ऐकू यायचं. मी पिशव्या धुण्यात चुकलो, मास्कच्या बाबतीत चुकलो नव्हतो. तरी सुरुवातीला मास्कवरही एकमत कुठे होतं? निरोग्यांना गरज नाही असं आधी सांगत होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्यात तो सक्तीचा झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने गर्दीच्या ठिकाणी सगळ्यांनीच वापरा म्हणून सल्ला बदलला तो ५ जूनला. आम्ही सगळे अर्ध्या अंधारात चाचपडत होतो. ज्याच्या हाताला जे लागलं, ते धरून तो दुसऱ्यावर ओरडत होता.

टाळेबंदी सैल झाल्यावर धुण्याभांड्याच्या मावशींना येऊ द्यायचं की नाही, यावर सोसायटीत तीन बैठका झाल्या. गच्चीवर, अंतर ठेवून, आणि अंतरामुळे ओरडून. शेवटी ठरलं: यावं, पण लिफ्ट वापरू नये. म्हणजे जिने चढून दमलेल्या माणसाने अधिक जोराने श्वास घेत आमच्या घरात यावं. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून येणाऱ्या आमच्या मावशी चार मजले चढून पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी स्टुलाकडे बोट दाखवलं. त्यांनी हात चोळले आणि विचारलं, "दादा, वहिनी ब्यांकेत जातात ना अजून?"

"हो. का?"

"न्हाई, आमच्या सोसायटीनं पण इचारलंय. कुठल्या कुठल्या घरात जाते म्हणून." 'सोसायटी' म्हणताना त्या जराशा हसल्या. एका खोलीत सहा माणसं, सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास. अंतर ठेवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. धोका कमी करायचा एकच मार्ग होता, आमच्यासारख्यांकडे न येणं. आणि तो मार्ग धरला तर पगार नाही. हा आजार शहरात विमानाने आला, तरी लिफ्ट बंद झाली ती पायी येणाऱ्यांची.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. मावशींच्या चहासाठी बायकोने एक निळा कप वेगळा काढला. संसर्ग नको, इतक्या साध्या हेतूने. आप्पांनी तो गॅलरीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला पाहिला आणि आवाज चढवून बोलण्याची त्यांची त्या वर्षातली ती एकच वेळ.

"हा कप कशाला?"

"आप्पा, कोरोना आहे म्हणून."

"या इमारतीतल्या निम्म्या घरांत हा कप कोरोनाच्या आधीपासून आहे. आपल्याकडे नव्हता. तुम्हाला आता निमित्त मिळालं."

आप्पांची आई कडक सोवळ्याची. ओलेत्याने पाणी भरायची, धाबळी नेसून स्वयंपाक करायची. शाळेतून आलेल्या मुलाने कपडे उतरवल्याशिवाय माजघरात पाऊल टाकायचं नाही. आप्पांनी विशीत ते सगळं मोडलं, त्यापायी आईशी वर्षभर अबोला धरला. आता त्यांचाच मुलगा दारात उभा राहून सगळ्यांना कपडे उतरवायला लावत होता. "मी मोडलेलं सोवळं तू सॅनिटायझर शिंपडून परत आणलंस," ते म्हणाले. मी चिडून विषाणूचा आणि विटाळाचा फरक समजावला. तो फरक खरा आहे, अजूनही मी त्यावर ठाम आहे. पण अनेक नव्या नियमांपैकी कोणते नियम आपल्या घरांत एका रात्रीत रुळले आणि कोणते शेवटपर्यंत रुळले नाहीत, हे पाहिलं की आप्पांचं म्हणणं डोक्यातून जात नाही. मांडवातली गर्दी काही केल्या पन्नासावर थांबेना. वेगळा कप मात्र कुणालाही शिकवावा लागला नाही.

निळा कप दुसऱ्या दिवशी आत गेला. पुढे प्रत्येकाचाच कप वेगळा झाला, पाच रंगांचे पाच. ही सुधारणा लेकीची.

साथ आणि कज्जा यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. २०२० च्या मार्चमध्ये सरकारने जो कायदा लागू केला तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगने जन्माला घातलेला. त्या साली पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून झडती घ्यायचे, माजघर आणि देवघर काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. त्याच्या आदल्याच मार्चमध्ये, १० तारखेला, सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता लागण होऊन. आमच्या शहरात पहिले दोन रुग्ण सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा १२३ वा स्मृतिदिन होता. सावधगिरीच्या कुठल्याही तक्त्यात सावित्रीबाई बसत नाहीत. माझ्या स्टुलासमोर त्या उभ्या राहिल्या असत्या तर मी त्यांनाही बाटली दाखवली असती.

इतिहासाची पुस्तकं सरकार आणि रयत यांच्यातल्या भांडणांची नोंद ठेवतात. घरातल्या भांडणांची कोण ठेवणार? ती एक आप्पांकडे होती, त्यांच्या आजीची. वाई तालुक्यातलं त्यांचं गाव. उंदीर पडले की गाव उठायचं. माणसं शिवारात झोपड्या बांधून राहायची. असंच एकदा गाव उठलं आणि आजी ऐकेना. रोज तिन्हीसांजेला ती ओस पडलेल्या गावात एकटी जायची, देवापुढे दिवा लावायला. मुलगा आडवा पडायचा. तो म्हणे, तू प्लेग घेऊन येशील, पोरं मरतील. ती म्हणे, दिवा लावला नाही तर त्याच्याआधी मरतील. आठ दिवस झोपडीत कुणी कुणाशी धड बोललं नाही.

"मग?" लेकीने विचारलं होतं.

"मग काय, तिने एक दिवस पदरात घालून देवच झोपडीत आणले. संपलं भांडण."

आम्ही हसलो होतो. जूनअखेर ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पायी वारीऐवजी एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा टीव्हीवर फुलांनी सजवलेली ती गाडी बघताना आप्पांनी ही गोष्ट पुन्हा सांगितली होती. मी तेव्हा पेपरला इस्त्री करत होतो.

दिवाळी आली. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी होती, १६ नोव्हेंबरला. ताईला मी फोनवर सांगितलं होतं की या वेळी येऊ नकोस. ती बरं म्हणाली होती. सकाळी साडेअकराला बेल वाजली. दार उघडलं तर ताई. एका हातात फराळाची पिशवी, दुसऱ्या हातात औक्षणाचं सामान असलेली. साडी चुरगळलेली. तिला धाप लागली होती, आणि धाप लागल्याचंही तेव्हा भय वाटायचं.

"कशी आलीस?"

"एसटीने."

"एसटीने? भरून चालल्यात गाड्या!"

"माउली गेली एसटीने. मी माउलीपेक्षा मोठी का?"

मी हसलो नाही. एक पाऊल उंबऱ्याच्या आत, एक हात दाराच्या कडीवर. आप्पा आत आहेत, त्यांना दमा आहे, त्यांचं वय काय, गाडीत शेजारी कोण होतं, मास्क किती वेळ खाली होता, असं बरंच काही मी बोललो. सगळं बरोबर होतं. त्यातलं एकही वाक्य आजही खोडून काढता येणार नाही. ताईने ते ऐकून घेतलं. मग वाकून स्टुलावरची बाटली, वाटी, पेला उचलून खाली ठेवला. पिशवीतून ताम्हण काढलं, निरांजन लावलं, सुपारी, अंगठी, अक्षता मांडल्या. "टोपी घाल," म्हणाली.

मी दाराच्या आत, ती जिन्यात, मधे स्टूल. हात लांब करून तिने ओवाळलं. कुंकू लावायला अंतर पुरेना, तेव्हा म्हणाली, "तूच लाव तुझं." मी लावलं. ओवाळणीचं पाकीट मी स्टुलावर ठेवलं आणि तिने ते उचललं. आत आप्पा खुर्चीतून उठून आले होते. माझ्या खांद्यावरून त्यांनी तिला पाहिलं. "आलीस?" म्हणाले. "आले, आप्पा." "बरी आहेस?" "बरी आहे." एवढंच. ताईने फराळाचा डबा स्टुलावर ठेवला, बाटली पुन्हा जागच्या जागी वर ठेवली, आणि दुपारच्या गाडीने परत गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही. विचारलं नव्हतं असं नाही. पण ज्या तऱ्हेने विचारलं त्यावर कुणी पाणी पीत नाही.

त्याच दिवशी, आठ महिन्यांनी, राज्यातली देवळं उघडली होती. संध्याकाळी बातम्यांत गाभाऱ्यांची दारं उघडताना दाखवत होते. आप्पांनी टीव्ही बंद केला.

ताईने आणलेल्या करंज्या मी दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवल्या. त्या कडक झाल्या. आप्पांनी त्या चहात बुडवून खाल्ल्या, सगळ्या, एकट्याने.

वर्ष बदललं, लस आली, आणि भांडणाचा विषय बदलला. आमच्या मेहुण्यांनी लस घ्यायची नाही असं ठरवलं. काढा, वाफ, होमिओपॅथीच्या गोळ्या, हे सगळं ते नेमाने करत. लशीवर विश्वास नव्हता. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं, मे महिन्यात बारा ते सोळा. "बघ, त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाही," मेहुणे म्हणाले. मी वीस वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासतो. मी म्हणालो, दुसऱ्या प्रुफात चूक सापडली म्हणून कुणी पुस्तक खोटं म्हणत नाही. उलट ज्याचं प्रूफ कुणी तपासलंच नाही त्याची भीती बाळगावी. हे उत्तर मला फार आवडलं होतं. त्यांनी लस तरीही ऑगस्टपर्यंत घेतली नाही. आणि घेतली तीही माझ्या उत्तरामुळे नाही. लोकलचा पास दोन डोस झालेल्यांनाच मिळू लागला, आणि त्यांचं ऑफिस मुंबईत.

आप्पांना मी मार्चमध्ये, साठीच्या वरच्यांना सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात, पहिला डोस देऊन आणला. रांग मोठी होती, हॉल बंद होता. त्यानंतर महिन्याभराने घरात कोरोना आला. आणला मी.

हे लिहायला सोपं आहे, तेव्हा मानणं सोपं नव्हतं. ताप आला त्या रात्री मी वही काढून मागच्या दहा दिवसांचा हिशेब मांडला: वाणी दोनदा, औषधाचं दुकान एकदा, प्रूफ द्यायला छापखान्यात एकदा, अर्धा तास, एसी लावलेल्या खोलीत. बायको रोज बँकेत जात होती, लेक टेकडीवर जात होती, आप्पा कोपऱ्यावर जात होते. त्या सगळ्यांकडे बोट दाखवता येईल अशी एखादी नोंद मी शोधत होतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वही मिटली.

एप्रिल २०२१ चं पुणं आठवतं त्यांना बाकीचं सांगायला नको. खाटांसाठीचे फोन, इंजेक्शनसाठीच्या रांगा, दिवसभर ॲम्ब्युलन्सचे आवाज. आमचं त्या मानाने थोडक्यात निभावलं. मी आणि बायको पॉझिटिव्ह, लेक आणि आप्पा निगेटिव्ह. प्रश्न आप्पांचा होता. मी ताईला फोन केला. काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलं होतं. नोव्हेंबरबद्दलही दोन वाक्यं होती. तिने ती बोलूच दिली नाहीत. "तुझा भाचा निघालाय गाडी घेऊन. काचा उघड्या ठेवायला सांगितल्यात. आप्पांच्या गोळ्या आणि स्वेटर पिशवीत भर."

कोरोना असलेल्या घरातून आलेला म्हातारा माणूस तिने घरात घेतला. नाही, नेमकं सांगायचं तर घरात घेतला नाही. तिच्या साताऱ्याच्या घरामागे लहानसं अंगण आहे, शेवग्याचं झाड आहे. तिथे तिने खाट टाकली. आठवडाभर आप्पा दिवसभर झाडाखाली असायचे आणि रात्री पडवीत, दोन्ही बाजू उघड्या. ताई चार हातांवर खुर्ची टाकून बसायची आणि मोठ्याने बोलायची, म्हणजे त्यांना ऐकू यावं. भाच्याने पाठवलेल्या फोटोत आप्पा खाटेवर, ताई खुर्चीवर, मधे ऊन. कुणाच्याही तोंडावर वैताग नाही.

तो फोटो मी विलगीकरणाच्या खोलीत पडल्या पडल्या पाहिला आणि मला आमची गच्ची आठवली.

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरापासून गच्ची एक जिना वर. नोव्हेंबरातलं कोवळं ऊन, मोकळा वारा. दोन खुर्च्या वर नेल्या असत्या तर ताई आणि आप्पा दोन तास समोरासमोर बसले असते. फराळ झाला असता. ती परत गेली असती ती पाणी पिऊन गेली असती. याला शास्त्राचा विरोध नव्हता, सरकारचा नव्हता, सोसायटीचाही नव्हता. ज्या गच्चीवर मावशींच्या लिफ्टबद्दल तीन बैठका झाल्या, तीच गच्ची. मला ती सुचली नाही. आप्पांच्या आजीला देव पदरात घालून आणायचं सुचलं, वारकऱ्यांना पादुका एसटीत बसवायचं सुचलं. मी बरोबर होतो, आणि त्यापुढे मी शोधणं थांबवलं होतं.

पडून राहण्याच्या दिवसांत आणखी एक हिशेब मांडून झाला. साथीने माझं काय घेतलं होतं? मी घरकोंबडा माणूस. वीस वर्षं घरी बसून काम करणारा. लग्नाला जाणं टाळायला मिळालं, कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. खरं सांगायचं तर माझे दिवस बरे चालले होते. माझी शिस्त फार स्वस्तात पडली होती मला. नियम सगळ्यांना सारखे होते, सोडायचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं. मावशींना पगार सोडायचा होता, लेकीला एकोणिसावं वर्ष, ताईला भावाचा दिवस, आणि आप्पांना हातात उरलेल्या थोड्या वर्षांमधलं एक. मला भाजीबाजारातली गर्दी. आणि दारात पहाऱ्याला उभा राहिलो मी.

त्या दोन आठवड्यांत स्टूल उलट्या बाजूने चाललं. तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांचा मास्क पहिल्या दिवसापासून हनुवटीवर असायचा आणि ज्यांच्याशी माझी जिन्यात चारदा जुंपली होती, ते रोज दुपारी साडेबाराला आमच्या स्टुलावर डबा ठेवायचे. वरणभात, कधी मऊ खिचडी, एकदा चक्क पुरणपोळी. ते बेल मारून उतरायला लागले की मी दाराच्या भोकातून बघायचो. मास्क हनुवटीवरच. एकदा राहवलं नाही, आतूनच ओरडलो, "काका, मास्क वर घ्या! आम्ही पॉझिटिव्ह आहोत!" जिन्यातून आवाज आला, "तू आधी जेव!" रिकामा डबा परत करायचा नाही हा आपला रिवाज, आणि भरून द्यायला आमच्या हातचं तेव्हा कुणाला चाललं नसतं. ओट्यावर डब्यांची रांग लागली. सगळं संपल्यावर मी प्रत्येकात थोडे थोडे बेसनाचे लाडू भरून ती रांग खाली नेली. काकांनी दार उघडलं, मास्क पाहिला, माझ्या नाकावरचा, आणि म्हणाले, "अजून?"

आप्पा मे महिन्यात परत आले. दारात थांबले, स्टुलाकडे पाहिलं, बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि त्या स्टुलावर बसले. हळूहळू वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढून झाल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून क्षणभर बसून राहिले. मग मला समजलं.

ते स्टूल त्यांचं होतं. बूट घालायचं. गुडघे वाकत नसल्यामुळे खुर्ची उंच पडायची, पाट खाली पडायचा. ते स्टूल नेमकं त्या उंचीचं म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून शोधून आणलं होतं. रोज पहाटे त्यावर बसून बूट घालायचे आणि सारसबागेत जायचे, तिथे आठ म्हातारे वाट बघत असायचे. त्या आठांतले तिघं त्या दोन वर्षांत गेले. मी बाटली ठेवायला नेमकी तीच वस्तू उचलली होती. ते वर्षभर मला 'फिरायला जाऊ दे' म्हणाले नाहीत. 'स्टूल कुठंय' विचारत राहिले.

२०२३ च्या हिवाळ्यात आप्पा गेले, वयाने, झोपेत. ताई दर भाऊबीजेला येते. आत येण्याआधी दोन्ही तळवे पुढे करून मुद्दाम उभी राहते, "घाल, घाल," म्हणते. बाटली नसते. तेव्हा कोण बरोबर होतं, याचा निकाल आम्ही लावलेला नाही. ताई म्हणते, मला काही झालं का? मी म्हणतो, झालं असतं तर? मग ती म्हणते, चहा टाक.

मागच्या वर्षी माझा डावा गुडघा धरला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. वीस वर्षं न चाललेला माणूस आता पहाटे उठतो, स्टुलावर, त्या पांढऱ्या वर्तुळावर बसतो आणि बूट घालतो. काल धुकं होतं. लेक उठून दारात आली.

"बाबा, एवढ्या थंडीत कुठे निघालास? कानटोपी कुठंय? जिना ओला आहे, काल खालचे काका घसरता घसरता वाचले. ऊन आल्यावर जा ना."

तिचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी नाडी बांधली.

"कोपऱ्यापर्यंतच जाऊन येतो," म्हणालो.